आधी ती ताडपत्री काढा

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात : मालाडच्या पश्चिमेला, खाडीकडेच्या एका जुन्या गावठाणात त्या राहतात. घरामागे लहानसं परस आणि त्यात पत्र्याच्या छपराचं लाकडी खुराडं. सासूबाईंनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. गुडघ्यांनी साथ सोडली तसं ते काम सुनेकडे आलं. तोवर घरच्या गावठी कोंबड्या संपल्या होत्या, म्हणून गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी सुधारित जातीची पिल्लं आणून वाढवली. आज सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. गेल्या हिवाळ्यात रोज चार-पाच अंडी मिळत होती. यंदा दिवाळीनंतर ती कमी होत गेली, डिसेंबरात जवळजवळ बंदच झाली, आणि पिसंही गळायला लागली. थंडी बाधली असं वाटून त्यांनी परदेशातले व्हिडिओ पाहिले, खुराड्याला चारही बाजूंनी ताडपत्री बांधली, आत शंभर वॅटचा बल्ब टांगला, तुऱ्यांना पेट्रोलियम जेली चोळली. आता दोन कोंबड्या शिंकतायत. सासूबाई म्हणतात, "माझ्या हाताखाली कधी अंडी बंद नव्हती." नवरा म्हणतो, न देणाऱ्या तीन एकतीस डिसेंबरला कापू. नऊ वर्षांच्या मुलीने प्रत्येकीचं बारसं केलंय. शेजारी कोंबड्याच्या आरवण्यावर चिडलेत. त्यात बर्ड फ्लूची धास्ती. जानेवारीत नवी पिल्लं आणावीत का, हाही प्रश्न आहे. "माझं काय चुकतंय? आणि होळीपर्यंत या कोंबड्या मी कशा सांभाळू?"

ताई,

हे उत्तर पुढे वाचण्याआधी एक काम करा. परसात जा आणि ती ताडपत्री काढा. चारही बाजू मोकळ्या करायला मन धजत नसेल तर ज्या बाजूने रात्री वारा येतो तेवढी एक बाजू राहू द्या, बाकीच्या तीन उघडा. बल्बही काढा. लाकूड, वाळका पेंढा, ताडपत्री आणि तापलेला शंभर वॅटचा बल्ब एका जागी असले की आग लागायला एक फडफड पुरते. तुमचं खुराडं घराला लागून आहे.

आता कारण सांगते. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं आणि त्यावर पिसांचं पांघरूण. रात्री ती पिसं फुगवते, मान पंखात खुपसते, पाय पोटाखाली घेते, शेजारणीला चिकटते. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा साधारण १५ ते १८ अंशांवर येतो, एखाद्या आठवड्यात त्याहून थोडा खाली. सांताक्रूझ वेधशाळेची आजवरची नीचांकी नोंद ७.४ अंशांची आहे, २२ जानेवारी १९६२ ची. तसल्या रात्रीही खुराडं कोरडं असेल आणि वाऱ्याचा झोत थेट अंगावर येत नसेल तर मोठी, निरोगी कोंबडी निभावून जाते. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बर्फातल्या गावांचे. तिथे पाण्याची भांडी गोठतात, तुरे थंडीने काळे पडतात, म्हणून ती जेली. आपल्याकडे तिचा उपयोग नाही. उलट तुऱ्यावर धूळ चिकटेल. ओल्या फडक्याने पुसून टाका.

मग शिंका कशाच्या? कोंबडीला लघवी वेगळी होत नाही, सगळं एकत्रच विष्ठेतून पडतं, म्हणून त्यात ओल भरपूर. सात पक्ष्यांच्या श्वासाची ओल त्यात मिसळते. चारही बाजू बंद केल्यावर ती जाणार कुठे? खुराड्यात खाली अंथरलेली पेंढ्याची गादी ओली राहते, विष्ठा कुजते, अमोनिया तयार होतो. तो पक्ष्याच्या श्वासनलिकेचं आतलं अस्तर जाळतो आणि मग एरवी काही न करणारे जंतूही आत घर करतात. तुम्ही उब द्यायला गेलात आणि हवा बंद झाली. हे फार जणांच्या हातून होतं, आणि प्रेमापोटीच होतं.

उद्या पहाटे खुराडं उघडण्याआधी खाली बसा आणि कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. डोळे-नाक चुरचुरलं तर समजा, त्या रात्रभर तेच हुंगतायत. उभं राहून घेतलेला वास फसवतो. आपलं नाक वर असतं, त्यांचं जमिनीशी. जुनी गादी पूर्ण बाहेर काढा, जमीन सुकू द्या, थोडा चुना भुरभुरा, आणि त्यावर भाताचं तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा चार बोटं पसरा. दर दोन-तीन दिवसांनी फावड्याने वरखाली करा. मूठभर उचलून दाबलं आणि गोळा झाला तर गादी ओली आहे, बदला. हवा जायची फट किंवा जाळी कोंबड्या बसतात त्या दांड्यापेक्षा वर हवी, म्हणजे दमट हवा वरून निघून जाते आणि झोत अंगावर येत नाही.

शिंकणाऱ्या दोघींना आजच वेगळ्या, हवेशीर जागी ठेवा. त्यांचं पाणी-दाणा वेगळा, आणि त्यांचं सगळं शेवटी करा, म्हणजे तुमच्या हाताने काही पसरणार नाही. निव्वळ अमोनियाचा त्रास असेल तर हवा मोकळी झाल्यावर दोन-तीन दिवसांत उतार दिसतो. डोळ्यांत फेस येणं, तोंड सुजणं, श्वासाला घरघर लागणं, हिरवट पातळ शी, मान वाकडी होणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका, पशुवैद्यांना दाखवा. मान वाकडी होणं हे मानमोडीचं, म्हणजे रानीखेत रोगाचं लक्षण असू शकतं आणि तो सगळा कळप नेतो. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविक आणून पाण्यात घालू नका. त्याचा अंश अंड्यात उतरतो आणि ती अंडी तुमची मुलगी खाते.

आता अंडी. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण उत्तर त्यातच आहे. गेल्या हिवाळ्यात रोज चार-पाच अंडी मिळत होती, असं तुम्ही लिहिलंय. गेल्या वर्षीही डिसेंबरात हीच थंडी होती, हेच खुराडं होतं, ताडपत्री नव्हती, बल्ब नव्हता. मग थंडीने अंडी बंद केली हे कसं मानायचं? बदललंय ते कोंबड्यांचं वय. एप्रिलमधली पिल्लं गेल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंड्यावर आली असणार. पहिल्या वर्षीची तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, बहुधा पहिला हिवाळा न थांबता पार करते. दीड वर्षाच्या आसपास, दिवस लहान होऊ लागले की ती पहिल्यांदा पूर्ण पिसं गाळते आणि अंडी थांबवते. तुमच्या कोंबड्या आज साधारण वीस महिन्यांच्या आहेत. त्या आजारी नाहीत, म्हाताऱ्याही नाहीत. पिसं गाळायची वेळ आली आणि त्यांनी ती गाळली.

हे समजायला कोंबडीच्या अंगातला हिशेब पाहावा लागतो. पिसात ८० टक्क्यांहून जास्त भाग प्रथिनांचा. अंड्यालाही प्रथिनं लागतात. दोन्ही एकाच वेळी उभं करणं तिला परवडत नाही, म्हणून नवी पिसं येईपर्यंत ती अंडी थांबवते. याला दोन ते तीन महिने लागतात. इशारा मिळतो तो उजेडाचा. मुंबईत जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांच्या आत येतो. फरक युरोपाइतका नाही, पण कोंबडीच्या डोळ्यांना आणि मेंदूला तो पुरतो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात ना, तसा तो वाढू लागला की माघ-फाल्गुनात त्या पुन्हा अंड्यावर येतील.

पिसं गाळणारी आणि आजारी कोंबडी ओळखायची कशी? पिसं मानेपासून जायला लागतात, मग पाठ, पंख, शेपूट. जुनी पिसं जातात तिथे नव्या पिसांचे टोकदार कोंब दिसतात. ती चिडचिडी होते, हात लावू देत नाही, कारण ते कोंब दुखतात, पण खाते नीट आणि फिरते. आजारी कोंबडी कोपऱ्यात डोळे मिटून, अंग फुगवून बसते आणि दाण्याकडे बघत नाही. पिसं गेलेल्या जागी कोंबच येत नसतील तर उवा-किडे पाहा. रात्री बॅटरी घेऊन दांड्याच्या खालच्या फटी तपासा, लाल बारीक कीड दिवसा तिथे लपते आणि रात्री बाहेर येते. एका कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख मिसळून ठेवा, त्यात लोळून त्या बरंचसं स्वतःच निस्तरतात.

सासूबाईंच्या वाक्याबद्दल. ते तुम्हाला लागलंय हे पत्राच्या अक्षरातून कळतं. मला वाटतं, तुम्ही अंड्यांची टोपली ही स्वतःची गुणपत्रिका करून ठेवलीय. पण आई खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्या वेळी कोंबड्या गावठी होत्या. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक होते, एकवीस दिवस बसते, पिल्लं काढते, ती मोठी होईपर्यंत थांबते, पुन्हा अंड्यावर येते. त्यामुळे त्यांच्या परसात कोणी अंड्यावर, कोणी खुडूक, कोणी पिल्लांमागे आणि दोन-तीन तलंगा नुकत्या तयार होणाऱ्या, असं सगळ्या वयांचं घर असायचं. प्रत्येक कोंबडी थांबत होती, घरातली अंडी मात्र थांबत नव्हती. तुमच्या सहाही जणी एकाच महिन्यात जन्मलेल्या, म्हणून सहाही एकदम थांबल्या. यात हाताचा गुण-दोष कुठे आला? एका संध्याकाळी पडवीत त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, कोणत्या महिन्यात कोंबडी अंड्यांवर बसवायच्या, एकीखाली किती ठेवायच्या, पिल्लांना पहिले दिवस काय घालायच्या. त्यांचे गुडघे गेलेत, माहिती गेलेली नाही. बसल्या जागेवरून रोज कोण खातंय आणि कोण कोपऱ्यात बसलंय एवढं सांगायचं काम त्यांना द्या. मला खात्री आहे, आजारी कोंबडी तुमच्याआधी त्या ओळखतील.

बल्ब लावून अंडी सुरू करता येतात का? येतात. पहाटे दिवा लावून उजेड हळूहळू चौदा तासांवर नेला तर कोंबडी लवकर अंड्यावर येते. मोठे व्यवसाय हेच करतात. त्याला उष्णता लागत नाही, मंद एलईडी दिवा पुरतो, आणि तो संध्याकाळी न लावता पहाटे लावायचा, म्हणजे दिवा गेला आणि कोंबडी अंधारात दांड्याखाली चाचपडत राहिली असं होत नाही. पण पिसं अर्धवट आलेली असताना हे करू नका. घरच्या सहा कोंबड्यांना तो आराम मिळू द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आराम घेतलेल्या कोंबडीची अंडी मोठी आणि टणक कवचाची येतात. दोनेक महिने बाजारातून अंडी आणली तर काही बिघडत नाही.

या काळात खाणं मात्र सुधारा. नुसती तांदळाची कणी आणि उरलेली पोळी यावर पिसं येत नाहीत. मोठ्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम दाणा लागतो. तयार लेअर खाद्य, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांसाठीचं, मुख्य ठेवा, त्यात बाजरी-ज्वारी थोडी, आणि आठवड्यातून दोन-तीनदा प्रथिनांचं काही : भिजवलेली शेंगदाण्याची पेंड, उकडलेले माशांचे टाकाऊ भाग, किंवा सुका जवळा. जवळा आधी पाण्यात दोनदा खळबळून मीठ काढून टाका, खारट सुकी मासळी कोंबडीला बाधते. मासळी फार झाली तर पुढे अंड्याला वास येतो, तेव्हा बेतानेच. अंडी सुरू झाली की कवचासाठी कॅल्शियम हवं. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. तुमच्या घरी तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, होत असतीलच. शिंपल्या फेकू नका, धुऊन उन्हात वाळवा, जाडसर कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. दाण्यात मिसळू नका, जिला हवं ती हवं तेवढं खाते.

नवऱ्याचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. तुमच्या घरात कोंबडी खाल्ली जाते, मग परसातली कापणं चूक आणि बाजारातली आणणं बरोबर, असं मी म्हणणार नाही. पण एकतीस डिसेंबर ही वेळ चुकीची आहे. पिसं गाळणारी कोंबडी हडकलेली असते, मांस कमी निघेल, आणि दोन महिन्यांत पुन्हा अंड्यावर येणारी कोंबडी तुम्ही गमावाल. शिवाय दोघी शिंकतायत, आजाराची शंका असलेला पक्षी खाऊ नये. आणि न देणाऱ्या तीन नेमक्या कोणत्या, हे ठरवलं कसं? कोंबडीला हातात धरून शेपटीखालची दोन टोकदार हाडं चाचपून पाहा. मध्ये दोन-तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आहे, एकच मावलं तर थांबलेली. आत्ता बहुधा सहाही तशाच निघतील. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा पाहा, तेव्हा फरक कळेल.

पैशांचा प्रश्न खरा आहे, तो मोकळेपणी मांडा. सहा कोंबड्यांना तीन महिन्यांत साठ किलोच्या आसपास दाणा लागतो. त्या बदल्यात अंडी नाहीत. हे घराला परवडतं का, हे तुम्ही दोघांनी आत्ताच ठरवा, आणि म्हाताऱ्या कोंबड्यांचं पुढे काय करायचं तेही. कापायच्या असतील तर तसं, शेवटपर्यंत सांभाळायच्या असतील तर तसं. मुलीला मात्र अंधारात ठेवू नका. शाळेतून आल्यावर एक कमी दिसली आणि "उडून गेली" असं ऐकलं, तर ती पुन्हा तुमचं ऐकणार नाही. नऊ वर्षांच्या मुलीला खरं सांगितलेलं झेपतं. एखादी तिची म्हणून कायम ठेवायची, असंही ठरवता येईल. त्यात कमीपणा नाही.

जानेवारीत पिल्लं आणायची की नाही? दर वर्षी दोन-तीन नव्या आणल्या की वयं मिसळतील आणि पुढच्या हिवाळ्यात घर रिकामं राहणार नाही, म्हणजे विचार योग्य आहे. पण एका दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश उब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. इथे बल्ब खरोखर लागतो, आणि तो जाळीच्या टोपीत, पक्क्या साखळीने टांगलेला, रात्री कुणीतरी उठून पाहणारा हवा. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी, लांब पळाली तर गरमी. नोकरी आणि सासूबाईंचं दुखणं सांभाळून हे नको असेल तर फेब्रुवारीत आठ-दहा आठवड्यांच्या, लस दिलेल्या दोन-तीन तलंगा आणा. तुमच्यासाठी मला हाच मार्ग बरा वाटतो. त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला अंड्यावर येतील आणि पुढचा हिवाळा देत राहतील. गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. परसातल्या पालनाला योग्य जातींची चौकशी तिथे करा. सिग्नलवर आणि बाजारात रंगवलेली गुलाबी-हिरवी पिल्लं मिळतात, ती मुलीने कितीही हट्ट केला तरी घेऊ नका. ते बहुधा नर असतात, लस झालेली नसते, निम्मी तर वाटेतच मलूल होतात. ती विकत घेणं म्हणजे तो धंदा चालू ठेवणं.

लसीची अडचण अशी की मानमोडीच्या लसीची एक कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांच्या मात्रेची येते, पाण्यात मिसळल्यावर थोड्याच वेळात संपवावी लागते आणि तोवर थंड ठेवावी लागते. गावठाणातल्या ज्या ज्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी एक दिवस ठरवून सगळ्यांचं लसीकरण एकदम करून घ्यावं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचे, म्हणजे मानमोडीच्याच एका लसीचे, थेंब, सहा ते आठ आठवड्यांच्या तलंगांना टोचायची लस, आणि त्याच सुमारास कोंबड्यांच्या देवी रोगाची. देवी डासांमुळे पसरते आणि खाडीकाठी डासांची उणीव नाही. शिंकणाऱ्या पक्ष्याला मात्र लस देऊ नये.

बर्ड फ्लूची धास्ती अनाठायी नाही. देशात पहिल्यांदा तो आढळला फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईत मेलेल्या कावळ्यांतही विषाणू सापडला होता. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात आणि तुमचं परस खाडीला लागून आहे. म्हणून दाण्या-पाण्याची भांडी छपराखाली ठेवा, कावळे-बगळ्यांना त्यात चोच घालू देऊ नका, मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, परसात जायच्या चपला वेगळ्या ठेवा. एक-दोन दिवसांत अनेक पक्षी अचानक मेले तर लपवू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. रोग निघाला तर किलोमीटरभराच्या परिघातले पाळीव पक्षी मारले जातात हे खरं आहे आणि ऐकायला कठीण आहे. पण भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही, आणि प्रश्न शेजारच्या मुलाबाळांचाही असतो. नीट शिजवलेल्या अंड्या-मांसातला विषाणू ७० अंशांना मरतो, तेव्हा घाबरून खाणं बंद करायचं कारण नाही.

थंडीची इतकी तयारी तुम्ही केलीत. आता तीच मेहनत मार्चसाठी ठेवा, कारण मुंबईत कोंबड्या मरतात त्या तेव्हा. फेब्रुवारीच्या मध्यापासून जमिनीवरून कोरडे पूर्वेचे वारे येतात, समुद्राचा वारा दुपारी उशिरा सुटतो, आणि पारा एकदम ३६-३८ वर जातो. २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली होती. कोंबडीला घाम येत नाही. ती तोंड उघडून धापा टाकूनच अंग थंड करते, आणि ३२-३३ अंशांपुढे तिला ते जड जायला लागतं. तुमचं छप्पर पत्र्याचं आहे, दुपारी त्याखाली बाहेरच्यापेक्षाही जास्त तापतं. होळीआधी पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्या आणि वर नारळाच्या झावळ्यांचा जाड थर बांधा. दुपारी दाराला ओलं गोणपाट लावा, पण हवा खेळती असेल तरच. बंद जागेतली ओल गरमी वाढवते.

पाणी मातीच्या परळात, सावलीत, दोन-तीन ठिकाणी ठेवा, म्हणजे दांडगी कोंबडी बाकीच्यांना अडवणार नाही. एरवी दिवसाला पाव लिटर पिणारी कोंबडी उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट पिते. दाणा सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर द्या, भर दुपारी नको, कारण पचनानेही अंग तापतं. कलिंगडाची सालं, काकडी आवडीने खातात. चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले, तुरा फिका, असं दिसलं तर लगेच सावलीत घ्या, पाय साध्या गार पाण्यात बुडवा, चोचीजवळ पाणी धरा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका. मार्चमध्ये अंड्याचं कवच पातळ झालं तर घाबरू नका. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच बनायला त्याचीच गरज असते. शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी द्या, कवच रात्री बनतं. गच्चीवर कोंबड्या ठेवणाऱ्या वाचकांनी हे जास्त मनावर घ्यावं. गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो आणि तिथे पक्ष्याला बसायला थंड मातीही नसते.

त्याच सुमारास एखादी खुडूक झाली तर अंड्यांवर बसवायचा मोह होईल. मार्चच्या उन्हात ती खाणं-पिणं सोडून एकवीस दिवस बसणार, पिल्लं ऐन एप्रिलमध्ये निघणार. बसवायचीच असेल तर जानेवारीअखेर, नाहीतर तिला घरट्यातून दिवसातून तीन-चारदा उठवा आणि थोडे दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवा, पोटाखाली गार हवा लागली की ती उठते.

राहिला कोंबडा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे अजूनही पुष्कळ जणांना पटत नाही. तो नसला तरी कोंबडी तितकीच अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. तुम्हाला पिल्लं काढायची नसतील तर शेजाऱ्यांची पहाटेची झोप मोडून तो ठेवायला मला कारण दिसत नाही. उजाडायच्या आधीच तो आरवणार, त्याच्या शरीरातलं घड्याळच तसं आहे. रात्री बंद पेटीत कोंडण्याचा उपाय सांगतील, तो करू नका, त्यात त्याला हवा मिळत नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात इतरांना उपद्रव होईल अशा रीतीने प्राणी पाळायला मनाई आहे. तक्रार झाली तर कोंबड्यावर थांबेल असं नाही, सहा कोंबड्यांवरही येईल. शेजाऱ्यांकडे आधी तुम्हीच जा, कोंबडा देतोय हे सांगा, आणि गादी रोज हलवून वास आणि माशा आवरा, कारण पुढची तक्रार त्याचीच असते.

वसई-पालघरकडे तुमचे नातेवाईक असतील, किंवा पलीकडे मनोरी-गोराईत कुणी गावठी कोंबड्या पाळत असेल, त्यांना तो द्या आणि बदल्यात दोन तलंगा मागा. आजही अशी देवघेव चालते. आणलेल्या तलंगा थेट कळपात सोडू नका. तीन-चार आठवडे परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, मग आठवडाभर मध्ये जाळी लावून एकमेकींना दिसू द्या, आणि शेवटी रात्री, सगळ्या दांड्यावर बसल्यावर, त्यांच्या शेजारी नेऊन बसवा. सकाळी थोडी चोचाचोची होईल. त्या दिवशी दाणा दोन-तीन ठिकाणी टाका, म्हणजे नव्या तलंगांना उपाशी राहावं लागणार नाही.